भिवा, हेड चांगलं होतं

भिवा, हेड चांगलं होतं.

आधी एवढं लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात वळेल. मुलुंडहून तू शोधून आणलेल्या इंजिनाच्या हेडला तडा नव्हता, वेल्डिंग नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. खोट माझ्या कामात होती. तू जाऊन आज पंधरा दिवस झाले, आणि मला हे कळून दहा. त्याआधीचे पाच महिने मी अख्ख्या मढमध्ये तुझं नाव खराब करत फिरलो, आणि तू भांडुपच्या खोलीत गप्प बसून राहिलास.

तुझा जन्म कुठल्या गावचा, मागे कोण कोण आहे, हे सगळं तुझ्या भावानं तेराव्याच्या कार्डावर छापून घेतलंय. त्यात तुला ‘सेवाभावी’ म्हटलंय. मला हसूच आलं. तू कसला सेवाभावी? गिरणीत बारा वर्षं आपण एकाच टेबलाला फिटर म्हणून उभे राहिलो, तुझा पाना मागितला तर तू आधी माझे हात बघायचास, धुतलेत की नाही. कार्डावर ‘फिटर’ हा शब्द कुठेच नाही. ‘फिटर होता’ एवढं छापलं असतं तरी पुरलं असतं.

तुला आठवतं, आपल्याला शिकवणारे मास्तर काय म्हणायचे? हा मनोहर घोडा आणि हा भिवा बैल. दोघांना एका गाडीला जुंपलं तर गाडी उलटेल, पण दोघं मिळून काम मात्र चोख करतात. माझा राग नाकावर. तुझा कुठे असायचा ते मला कधी सापडलंच नाही. संप लांबला, मग संपला म्हणाले, पण गिरणीचं दार काही आपल्यासाठी उघडलं नाही. तेव्हा मी अंधेरीला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड घेतली आणि पहिला तुझ्याकडे आलो. म्हटलं, समोर मढ आहे, कोळ्यांच्या बोटी आहेत, सगळी डिझेल इंजिनं, आपण उपाशी नाही मरणार. तू चहा संपवलास, पान्यांची पिशवी काखेत मारलीस आणि वहिनीला म्हणालास, जेवणाक वाट बघू नको.

आणि खरंच बरं चाललं होतं रे. तरीच्या होडीतून खाडी ओलांडून पलीकडे मढला जायचं, दिवसभर बोटीच्या पोटात वाकून काम करायचं, संध्याकाळी बोटी चालवणारे तांडेल लोक देतील ती मासळी घेऊन घरी यायचं. माझी बायको म्हणायची, तुमच्या शर्टाला डिझेलचा वास येतो की बोंबलाचा तेच कळत नाही. मढमध्ये आपल्याला नाव होतं. इंजिन मनोहर खोलतो आणि भिवा ऐकतो, असं म्हणायचे लोक. तू खरंच ऐकायचास. इंजिनावर लाकडी दांडा टेकवून त्याला कान लावायचास आणि सांगायचास, मागच्या सिलिंडरात गडबड आसा. मी खोलायचो, तर तिथेच असायची.

मग हिराजी तांडेलाचं इंजिन आलं.

इंजिन विलायती, दोन सिलिंडरचं. हिराजीच्या बापानंच ते जुनं घेतलेलं, म्हणजे किती जुनं असेल बघ. बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. वैशाखात ते अडकलं. ऑईल काढून बघितलं तर दूध घातलेल्या चहासारखं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. आपण हेड उतरवलं, आणि मागच्या सिलिंडरवर, दोन व्हॉल्व्हच्या मधोमध तडा दिसला. माझ्या बायकोला मी नेहमी सांगायचो, इंजिनाचं हेड म्हणजे कुकरचं झाकण. झाकण फुटलं की खालचं भांडं कितीही भारी असो, आत काही शिजत नाही. हिराजी पाण्यात पाय सोडून बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, नारळी पौर्णिमेला बोट निघेल ना? नारळ वाहिला की सगळ्या बोटी निघणार, त्या दिवशी ज्याची बोट किनाऱ्यावर राहील त्याच्या घरातली बायका-माणसं वर्षभर दुसऱ्यांचे बोंबील वाळवणार. मी म्हटलं, निघेल. तू तड्यावरून अंगठा फिरवत राहिलास.

माझी चूक त्याच दिवशी झाली. नीट लिहितो, तुझ्यापुढे आता लपवायचं काय.

हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट बसतं. गार पाणी खालून वर हेडमध्ये चढायचं ते त्या गॅस्केटच्या भोकांतून. अशा जुन्या इंजिनाचं गॅस्केट बाजारात मिळत नाही, म्हणून ते आपणच कापायचो. त्यासाठी आधी पुठ्ठ्यावर नमुना काढायचा. मास्तरांचा नियम होता, नमुना घ्यायचा तो लोखंडावरून, जुन्या गॅस्केटवरून कधी घ्यायचा नाही. ब्लॉक खरवडून साफ करायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, आणि हातोडीनं टिचक्या मारत मारत एकेक भोक उठवायचं. अर्ध्या दिवसाचं काम. ऊन असं होतं की बोटीच्या पत्र्यावर हात टेकवत नव्हता. तू वर हेड साफ करत होतास. मी जुनं गॅस्केट घेतलं, पुठ्ठ्यावर ठेवलं, पेन्सिल फिरवली, दहा मिनिटांत नमुना तयार. तू विचारलंस, लोखंडावरून घेतलंस मां? मी म्हटलं, हो रे बाबा, घेतला.

खोटं बोललो, भिवा. कटकट नको म्हणून.

समुद्राच्या पाण्यावर चालणारं इंजिन ते. मागच्या सिलिंडरजवळचं एक छोटं भोक मीठ आणि गंज साचून साचून पार बुजलं होतं, ब्लॉकमध्येही आणि गॅस्केटमध्येही. म्हणून तर तिथे पाणी पोचत नव्हतं, म्हणून तर ते हेड तडकलं होतं. आणि मी त्या बुजलेल्या गॅस्केटचीच नक्कल उतरवली. रोग्याचाच रोग औषधात कालवून त्याला पाजला म्हणायचं.

मग तो पुठ्ठा घेऊन आपण निघालो. हेड उचलायचं तर दोन माणसं लागतात, ते घेऊन कोण बाजार फिरणार? म्हणून पुठ्ठा काखेत. कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या पालथ्या घातल्या. एकेक हेड उताणं करायचं, त्यावर पुठ्ठा ठेवायचा, स्टडची, म्हणजे बोल्टांची, भोकं जुळतात का बघायचं. तिथला एक म्हातारा भंगारवाला शेवटी शेवटी आपल्याला लांबून बघूनच हात हलवायचा, नाही आलं म्हणून. दारूखान्यात जहाजं फोडतात तिथे आठ दिवस गेलो. फोर्टमध्ये कंपनीच्या एजंटकडे गेलो, तर त्या टायवाल्यानं आपल्याला उभ्यानंच सांगितलं की, हे मॉडेल आता म्युझियममध्ये बघा. खाली उतरल्यावर तू मला विचारलंस, म्युझियमात देतत काय रे? मी इतका चिडलो होतो, तरी फुटपाथवर बसून हसलो.

साकीनाक्याचा वेल्डर म्हणाला, जुनंच हेड भरून देतो, कोणाला कळणार नाही. घाटकोपरचा ओतकामवाला म्हणाला, नवंच ओतून देतो. मी दोन्हीला तयार होतो. आषाढ उलटून चालला होता, हिराजीची बायको रोज तरीवर येऊन उभी राहायची. तू नाही म्हणालास. वेल्डिंग किनाऱ्यावर टिकेल, म्हणालास, दर्यात टिकूचा नाय, आणि बोटीवर चार माणसां असतत. त्यावरून आपलं कडाक्याचं वाजलं. तुझ्यामुळे सीझन जाईल, असं मी म्हटलं.  दुसऱ्या दिवसापासून तू कामावर यायच्या आधी आणि काम संपल्यावर एकटाच फिरायला लागलास. भांडुप, मुलुंड, जिथे म्हणून तुझा गाववाला वॉचमन आहे, शिपाई आहे, त्या प्रत्येक गेटवर जाऊन तू विचारलंस, तुमच्या कंपाउंडात जुना डिझेल इंजिन पडलेला आसा काय?

आणि सापडलं. मुलुंडला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे, पत्र्याखाली जनरेटर होता, आणि त्यावर तेच इंजिन. तुझ्या गावचा वॉचमन चावी घेऊन आला. मालकाच्या माणसाला तू आधीच पटवून ठेवलं होतंस. नट इतके गंजले होते की रॉकेल सोडत सोडत हेड निघायला अख्खा दिवस गेला. ते उताणं केलं तेव्हाचा तुझा चेहरा मला आत्ता दिसतोय. गोड्या पाण्यावर चाललेलं इंजिन, आतून स्वच्छ. तू त्याला रॉकेल चोळलंस, कोरडं पुसलंस, मग त्यावर खडूची पूड टाकून थांबलास. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उठते. तू ते एकदा केलंस, पुन्हा केलंस, तिसऱ्यांदा मला बाजूला सारून उजेडात नेऊन केलंस. रेघ नाही उठली.

मग तू त्यावर पुठ्ठा ठेवलास आणि बराच वेळ वाकून बघत बसलास.

‘मन्या,’ तू म्हणालास, ‘हेका एक भोक जास्ती आसा रे.’

मी काय म्हटलं माहीत आहे? हे जनरेटरचं हेड आहे, त्याचं थोडं वेगळं असणार. गॅस्केट बसलं की ते झाकलं जाईल. चल, उचल, अंधार व्हायच्या आत टेम्पोत टाकू. तू म्हणालास, एकदा ब्लॉक खरवडून बघुया मां? मी म्हटलं, भिवा, आता पुरे तुझं, नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली. आणि तू ऐकलंस. तुझं हेच मला समजत नाही. वेल्डिंगला नाही म्हणताना तुला ताकद होती, मग त्या दिवशी का नव्हती? मी सांगितलं होतं की नमुना लोखंडावरून घेतलाय, म्हणून? माझ्या शब्दावर विश्वास टाकलास म्हणून? ते असेल तर मला ऐकायचं नाही.

पौर्णिमेला बोट निघाली. हिराजीनं आपल्या दोघांच्या गळ्यात हार घातले, तुला तर नाचवलं. तुझ्या अंगात असा नाच होता हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि बोट दर्यात बंद पडली. इंजिन तापलं, पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, आणि चार माणसं एक दिवस आणि एक रात्र लाटांवर तशीच हेलकावत राहिली. किनाऱ्यावर बायका बसून होत्या, कुणी रडत नव्हतं, नुसत्या बसून होत्या. दुसऱ्या एका बोटीनं त्यांना ओढून आणलं. माणसं वाचली, पण मासळी सगळी कुजली होती. हिराजी उतरला तो थेट आपल्याकडे आला. आपण हेड उतरवलं. तडा त्याच जागी होता. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध.

तेवढं बघून माझ्यासारख्या फिटरला कळायला पाहिजे होतं. दोन वेगळी हेडं एकाच जागी तडकतात, म्हणजे दोष हेडात नाही, खालून येणाऱ्या पाण्यात आहे. शिकाऊ पोरगासुद्धा सांगेल. पण माझी मती गुंग झाली होती. भोवती पंचवीस-तीस माणसं, हिराजी ओरडत होता, बायका बघत होत्या, आणि मला फक्त एवढंच सुचलं की हे माझ्या अंगावर येता कामा नये. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते मी केलं. सगळ्यांसमोर तुझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, ‘ह्यानं आणलंय हेड. गाववाल्याचं भलं करायला फुटकं हेड उचलून आणलंय.’

भिवा, तू एका शब्दानं माझी जिरवू शकला असतास. नमुना ह्यानं काढला, मी भोक दाखवलं होतं, ह्यानं ऐकलं नाही, एवढं बोलला असतास तरी पुरे होतं. तू माझ्याकडे बघितलंस. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तू पाने पुसलेस, एकेक करून पिशवीत भरलेस, आणि जाताना माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणालास, ‘घराक जा. शांतपणी एकदा पुठ्ठो बघ.’

मी नाही बघितला. त्या रात्री नाही, नंतर पाच महिने नाही. पुठ्ठा शेडमध्ये खिळ्याला टांगलेला होता, रोज माझ्या डोक्याच्या वर.

हिराजीनं ते इंजिन काढून टाकलं आणि दुसरं बसवलं. मला काम देत राहिला, वर म्हणायचा, तुझी काय चूक, तुला फसवलं. मढमध्ये तुला कुणी बोटीवर चढू देईना. तू दोनदा तरीवर येऊन परत गेलास असं मला तरीवाल्यानं सांगितलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग कळलं की तू मुलुंडला गोदामावर वॉचमन म्हणून लागलास. इंजिनाला कान लावून दुखणं सांगणारा माणूस काठी घेऊन गेटवर बसला. ते ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं. वाटलं एवढंच. उठून आलो नाही.

फाल्गुनात तुझा भाऊ भेटला, म्हणाला कावीळ झालीय, डोळे हळदीसारखे दिसतात. मी म्हटलं, येत्या रविवारी येतो. त्या रविवारी एक इंजिन खोललेलं होतं. पुढच्या रविवारी पाहुणे होते. त्यानंतरच्या गुरुवारी तू गेलास. स्मशानात मी मागे उभा राहिलो, माझ्या पुढे तुझे गोदामावरचे सोबती होते, खाकी शर्टातले. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी हिराजीचा निरोप आला, जुन्या इंजिनाचा ब्लॉक किनाऱ्यावर पडलाय, मासळी वाळवायला जागा हवी, घेऊन जा. मी तो तरीत घालून, मग हातगाडीवरून शेडमध्ये आणला. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून माथा खरवडायला घेतला. मिठाची खपली मोठी निघाली, आणि तिच्याखाली भोक. मागच्या सिलिंडरजवळ, करंगळीएवढं. मी स्टुलावर चढून पुठ्ठा काढला आणि ब्लॉकवर ठेवला. त्या भोकाच्या जागी नुसता कोरा पुठ्ठा होता. मी बोटानं चाचपून बघितलं, उजेडात नेऊन बघितलं, उलटा करून बघितला. मग तिथेच खाली बसलो. बायको जेवायला बोलवायला आली तर मी तिला ओळखलं नाही असं ती सांगते.

तीन दिवस मी शेड उघडली नाही. चौथ्या दिवशी ठरवलं की तुझं नाव जिथे खराब केलं तिथेच जाऊन ते धुवायचं. पुठ्ठा घेतला, तरीत बसलो, मढला उतरलो. हिराजी आणि सगळी मंडळी जाळी शिवत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. नमुना मी चुकवला, भिवानं भोक दाखवलं होतं, मी त्याला गप्प केलं, हेड चांगलं होतं.  पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. तो हातोहात फिरला आणि माझ्याकडे परत आला. त्यांच्या दृष्टीनं तो एक पुठ्ठा होता. ब्लॉकमधल्या भोकाचं सांगितलं तर एक जण म्हणाला, तो तर पाच महिने रेतीत पडला होता, मीठ तेव्हा भरलं असेल.

हिराजी उठला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते.

‘मनोहर,’ तो म्हणाला, ‘तुझा मन मोठा हाय. मेलेल्या दोस्ताची चूक कोन आपल्या डोक्यावर घेतंय?’

मी म्हटलं, अरे तसं नाही, खरंच माझी चूक आहे. मी जितकं ओरडून सांगितलं तितके ते माना डोलवत राहिले. एका म्हातारीनं माझ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांनी मला चहा पाजला, पापलेट बांधून दिलं. मी रागानं ते तरीतच ठेवून आलो, तर तरीवाल्यानं घरपोच पाठवलं. आता मढमध्ये तुझ्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. म्हणतात, भिवाच्या हातून चूक झाली, पण त्याला मित्र बघा कसा मिळाला. माझ्या हातून परत तेच झालं, भिवा. तुझ्या चुकीवर मी आणखी एक शिक्का मारून आलो, आणि वर माझा मान वाढवून घेतला.

मग तेराव्याला तुझ्या घरी आलो. वाटलं, वहिनी तरी ऐकेल. भांडुपची टेकडी चढताना दोनदा थांबलो. पण हिराजी माझ्याआधी येऊन बसला होता, आणि त्यानं सगळ्यांना सगळं सांगितलं होतं, त्याच्या पद्धतीनं. मी दारात पाय ठेवला तर तुझा भाऊ उठून उभा राहिला. गोदामावरचे ते खाकीवाले उठले. मी सरळ आत गेलो, वहिनीसमोर खाली बसलो आणि म्हटलं, वहिनी, भिवाची चूक नव्हती, माझी होती, तुमची शपथ. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. तोंडावर पदर होता, मला वाटलं ती आता मला घराबाहेर काढील. काढलं असतं तर मी तिचे पाय धरले असते.

‘भावजी,’ ती म्हणाली, ‘ते असते तर त्यांनीपण तुमच्यासाठी असांच केल्यानी असता.’

मी म्हटलं, त्यांनी केलं, वहिनी, त्यांनी खरंच केलं, पाच महिने केलं. तिला काही समजलं नाही. ती रडायला लागली, बायकांनी तिला धरलं, आणि मला बाहेर आणून पहिल्या पंगतीला, तुझ्या भावाच्या शेजारी बसवलं. मला वाढलं. सगळे बघत होते, म्हणून मी जेवलो.

आता तूच सांग, मी कुणाकडे जाऊ? मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर मोठ्या मनाचा ठरतो, आणि गप्प बसलो तर तू फुटकं हेड आणणारा ठरतोस. शपथ घेतली, रडलो, पुरावा दाखवला, कशाचा उपयोग झाला नाही. ह्या अख्ख्या मुंबईत एकच माणूस होता ज्यानं पहिल्या शब्दाला मान हलवून म्हटलं असतं, हो, मन्याचीच चूक. त्याला सांगायला मला एक टेकडी चढून यायची होती, आणि मी दोन रविवार घालवले.